आरी लावण्याआधी

सौंसर,
१४ नोव्हेंबर २०२५

बाबा, तुम्हाला आणि आईला माझा जयभीम.

मी बरी आहे. थंडीत गुडघा जरा धरतो, पण ऑफिसचा जिना कोणाचा हात न धरता चढून राहिली. फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही आणि आई "जेवली का?" एवढं विचारून फोन ठेवून देते, म्हणून पत्र लिहिते. ऑफिसातल्या विजयाताई पांढुर्ण्याहून रोज येणं-जाणं करतात, त्यांच्या हाती पाठवते. तिकडे संत्र्याची तोड सुरू झाली असेल.

काम असं की तुम्ही करून दिलेली भाजी कापायची फळी वाकली.

मी ती हयगयीने वापरली असं समजू नका. खाली बसून पावशीवर भाजी चिरता येत नाही म्हणून तुम्ही ती माझ्या ओट्याच्या मापाने केली होती, हे मी कशी विसरीन? पण पावसाळाभर मी ती धुतली की ओट्यावर तशीच आडवी ठेवत होती. वरची बाजू वाळायची, खालची ओलीच राहायची. पोळ्यानंतर पाहते तर मधून खोलगट झालेली. कांदा चिरायला गेलं की डुलायची. एकदा सुरी सटकून बोटाला लागली. जास्त नाही, आईला सांगू नका.

मी ती उन्हात टाकली, तर आणखीच बिघडली. मग बोरगाव रोडवरच्या एका सुताराकडे नेली. हेमराज सोमकुवर नाव आहे. त्यांनी फळी उलटीसुलटी केली, कडेच्या रेषा पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, लाकूड वलं होतं जी. पुरतं वाळूच दिलं नाही."

मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी केली आहे. ते सुतार नाहीत, जिनिंगमध्ये होते."

"मग लय चांगली केली," ते म्हणाले. "कोपरे पाहा किती घासले. हाताले टोचत नाही."

त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त कसं करायचं ते सांगितलं. खोलगट बाजू खाली करून ओल्या कापडावर पालथी घालायची, वरून वजन ठेवायचं. मी तांदळाचा डबा ठेवला, त्यावर पाटा. फळी सरळ झाली. मग दोन्हीकडून तेल लावून भिंतीला उभी ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागते. तसंही केलं. थोडे दिवस बरी राहिली, थंडी पडली तशी पुन्हा वाकली. मी पुन्हा नेली. या वेळी त्यांनी शिकंजात आवळून ठेवली आणि म्हणाले, "घाई करू नका, राहू द्या इथं." मधे मधे मी पाहून येत होती. दुकान माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर नाही. पण जात होती.

घरी आणल्यावर एका शनिवारी फळी अगदी सरळ होती, तरी मी ती पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली. त्यांनी ओट्यासारख्या टेबलावर ठेवून पाहिली. हलली नाही. त्यांनी चहा मागवला.

बाबा, आता एवढं लिहिलं आहे तर पुढचंही लिहिते.

त्यांची आई पुष्कळ वर्षं अंथरुणाला होती. तिचं सगळं त्यांनीच केलं, त्यात लग्न राहून गेलं. आई मागच्या वर्षी गेली. माणूस कमी बोलतो. माझ्या पायाकडे टक लावून पाहत नाही आणि पायरी आली की नुसता बाजूला उभा राहतो. स्वप्निलबद्दल मी सांगितलं. मोटरसायकल कोण चालवत होतं, अपघात कुठे झाला, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्यांना काय आवडत होतं?" स्वप्निल गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी बोलतच राहिली.

आता थंडी वाढली आणि फळी परत वाकली. ते म्हणतात, हिचा पक्का इलाज एकच. उभे तीन तुकडे करायचे, मधला उलटा करून तिन्ही पुन्हा सरसाने जोडायचे, म्हणजे लाकूड एका बाजूला ओढणार नाही. मी म्हटलं, करून टाका. तर म्हणाले, "तुमच्या बाबांच्या हातची आहे. त्याहिले विचारल्याशिवाय मी आरी लावत नाही."

मग त्यांनी विचारलं, "अन् बाकीचं? तुमच्या घरी कोणाशी बोला लागन?"

बाकीचं म्हणजे काय ते मला कळलं. रामाकोन्याला माझा भाऊ आहे, त्याचं नाव सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "पांढुर्ण्याला बोला. तिथे माझे आईबाबा आहेत."

मी त्यांना हो म्हटलेलं नाही. मन हो म्हणते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तुम्हाला न विचारता पुढे जाणार नाही. स्वप्निल गेला तेव्हा लोक म्हणत होते, सुनेला माहेरी पाठवा. आई म्हणाली, "ते कुठी नाही जात." हॉस्पिटलात मला उठता येत नव्हतं तेव्हा आई माझे केस विंचरून द्यायची. माझं दुसरं लग्न झालं तर मी तुमच्या दारात कोण म्हणून येऊ? ह्याच विचाराने हे पत्र इतके दिवस राहिलं.

फळीचं सांगा आणि दुसरंही सांगा.

तुमची,
(पुढे काय लिहायचं ते ठरवता आलं नाही)
अनुराधा


पांढुर्णा,
२० नोव्हेंबर

अनुराधा बेटा, जयभीम. आम्ही दोघं ठीक आहो.

फळीचं आधी लिहितो, ते सोपं आहे. चूक लाकडाची नाही, माझी आहे. शेजाऱ्याने आंबा तोडला तेव्हा तो म्हणाला होता, दादाराव, वर्षभर सावलीत पडू द्या. मी थांबलो नाही. तू उभ्याने ताटात कांदे चिरत होती, ते मला पाहवत नव्हतं. हेमराजले सांग, खुशाल आरी लावा.

आता दुसरं. तुझं पत्र मी आईले वाचून दाखवलं. मला माझाच आवाज येत नाही, त्यामुळे जोरात वाचलं असेल. 'आईला सांगू नका' हेही वाचून टाकलं. हेमराजची आई मेली तिथपर्यंत आलो आणि पुढचं डोळ्याने पाहून थांबलो. आई म्हणाली, "काहून थांबले? वाचा." मी सारं वाचलं. ती उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. खोटं कशाला लिहू, मलाही घास गेला नाही. स्वप्निल पुन्हा एकदा घरातून निघाला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या चांगल्या कानाजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्याले दारू लागते का, विचारा." दुपारी म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा करा लागन, हे त्याले माहीत आहे का?" संध्याकाळी भाकरी थापता थापता आपल्याच मनाशी बोलली, पण मी तोंडाकडे पाहत होतो म्हणून समजलं. म्हणाली, "फळी कापाले विचारते, पोरीसाठी विचारते. माणूस बरा दिसते."

रविवारी सकाळच्या बसने आम्ही सौंसरला येतो. त्याले तुझ्या खोलीवर बोलाव. मला ऐकू येणार नाही, बोलणं आई करेल. मी माणूस पाहीन. रामाकोन्याले तुझ्या भावाले आई फोन करून राहिली, त्याचा मान त्याले द्यायचा. पण लग्नात मुलीकडून आम्ही बसू, हे त्याले आधीच सांगून ठेवतो.

तू कोण म्हणून येशील, असं लिहिलं. आजवर या दारात तुला कोणी विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही. येत जा.

खाली तुझी आई स्वतः लिहिते म्हणते. चौथी शिकलेली आहे, हाताला सवय नाही. समजून वाच.

दादाराव


अनू
तुझ्या लग्नातली पांढरी साडी माझ्या पेटीत आहे. ते मी देत नाही. ते माझ्यापाशी राहू दे.
तुले या लग्नाले नवी पांढरी घेऊ. रविवारी दुकानात जाऊ. तू पसंत कर, मी पदर पाहीन.

तुझी आई
वत्सला