मापाच्या वहीतली शेवटची ओळ

बाबा, तुमच्या शिलाई मशीनवर मी आता कपड्यांच्या घड्या ठेवते, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. पण परवा आईने जे मागितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. पोळ्यापासून ती खाटेवर आहे. अन्न सुटलं, कूस बदलायची तर मला हाक मारते, बोलणं मात्र अजून खणखणीत. सकाळी मी तिचं अंग पुसून देत होते तर म्हणाली, "आता मह्यासाठी म्हण वं ते पद. किती दिवस लोकायसाठीच म्हणत फिरशीन?" माझा हात जागच्या जागी थांबला. "काहीबाही बोलू नको," म्हटलं, आणि पाणी फेकायच्या निमित्ताने बाहेर निघून आले.

पांढुर्ण्याच्या बाजारातलं आपलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. तुम्ही शिकलात दुसरीपर्यंत, मापाचे आकडे तेवढे लिहायचात. म्हणून पद यायला लागलं की मशीन थांबायचं आणि हाक यायची, "वही आण!" वही म्हणजे मापाचीच. वर कुणाची छाती, कुणाची बाही, आणि त्याच पानावर खाली देवाचे शब्द. तुम्ही डोळे मिटून सांगत आहात, आवाज तुमचा नाही, आणि मी भराभर लिहून घेते आहे. सांगून झालं की तुम्हाला एक अक्षर आठवायचं नाही. मी वाचून दाखवायची, तुम्ही वही कपाळाला लावायचात, आणि गुरुवारी भजनी मंडळ ते पद जसंच्या तसं उचलायचं. आलेलं पद पुन्हा विचारायचं नाही आणि त्यात काही बदलायचं नाही, हे दोन नियम. एकदा मी शहाणपणा केला, एक ओळ मला ओबडधोबड वाटली म्हणून लिहिताना सरळ केली. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. "माप दुसऱ्याचं हाय," तुम्ही म्हणालात, "त्यात आपली बोटं घालाची नाही. कपडा बिघडला तं उसवता येते. हे उसवता येत नाही." त्यानंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं हो बाबा.

आता जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही ते सांगते. तो अबोला झाला त्याच हिवाळ्यातली सकाळ. आई विहिरीवर गेली होती आणि चुलीवरच्या दुधाकडे लक्ष द्यायला मला सांगून गेली होती. तेवढ्यात मशीन थांबलं. पद सुरू झालं ते अंगात कापरं भरवणारं. उसना अंगरखा देवा, तुझा तुला दिला, टाका टाका उसवून जीव मोकळा केला. मी लिहीत होते. पुढची ओळ आली, उंबऱ्याशी उभा आता तुझ्याच दारी. आणि पडद्यामागे दूध उतू गेलं. मी पळाले, पातेलं उतरवलं, बोटं पोळली, परत आले तर तुम्ही घामाने भिजून मशीनवर डोकं टेकवून बसलेले. "झालं?" तुम्ही विचारलंत. शेवटची ओळ गेली होती. पुन्हा विचारायची सोय नाही, आणि ते आठ दिवस डोळ्यांसमोर. मी म्हटलं, झालं. आणि पेन्सिल टेकवली तर हाताने आपोआप लिहिलं, दिवा लागला, वेळ झाली, ये आता घरी. मी वाचून दाखवलं. तुम्ही वही कपाळाला लावलीत, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

महिनाभरात तिगावच्या एका संत्रेवाल्या म्हाताऱ्याकडे मंडळाला बोलावणं आलं. तो कितीतरी दिवस नुसता घरघरत पडून होता, जीव काही जात नव्हता. तुम्ही हे नवं पद घेतलंत. मी तुमच्या मागे टाळ घेऊन बसलेली. शेवटच्या ओळीला म्हाताऱ्याने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, आणि संपला. बायका हात जोडून म्हणाल्या, देवानंच बोलावलं. मग दुसऱ्या घरी तेच झालं, तिसऱ्या घरी तेच. लोधीखेड्याहून, सौंसरहून लोक येऊ लागले. पदाला नावच पडलं, सुटकेचं पद. लग्नघरात कुणी ते गुणगुणलं तर थोबाडीत बसायची. देवाची ओळ असती तर गोष्ट वेगळी होती. ही तर माझी होती, आणि तरी माणसं जात होती.

तुमची वेळ आली तेव्हा ते पद मीच म्हटलं. तुम्हीच खूण केली होती. शेवटच्या ओळीला सगळे दाराकडे बघतात बाबा, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर रागाची होती की कशाची, इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. आणि तुमच्यामागे हे काम माझ्याच गळ्यात पडलं. मास्तरीण आहे, शाळा आहे, काही सबब चालत नाही, गाडी घेऊन लोक दारात उभे. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात नेलं मला, खाटेवर चाळिशीतला माणूस. डॉक्टर म्हणत होते, अजून दोन दिवस पाहू. घरचे म्हणाले, त्याचे हाल बघवत नाहीत, म्हणा. मी म्हटलं. तो गेला. त्याचा मुलगा माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. ते दोन दिवस मी त्याच्याकडून काढून घेतले का, हे मी कुणाला विचारू? देवाला विचारावं तर ओळ देवाची नाही.

काल दुपारी आईने पुन्हा विषय काढला. या वेळी मी पळाले नाही. खाटेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, दूध, वही, पेन्सिल, सगळं. वाटलं, ती तोंड फिरवेल. ती हसली. अगदी दात नसलेलं हसू.

"मले काय सांगून राहिली वं? पयल्या गुरुवारीच वळखलं मी."

"कसं?"

"थे तं माहीच हाक होती. तू दिवसभर अंगणात खेळत राहे. दिवा लावला का मी दारातून ओरडो, दिवा लागला, वेळ झाली, ये आता घरी. रोज ओरडो. तुया ध्यानात नाही?"

माझ्या ध्यानात खरंच नव्हतं. "मग बोलली काऊन नाही?"

"तुहा बाप वही कपाळाले लावून बसला होता. काय बोलू? अन् लोकं सुखानं जाऊन राहिले होते." मग तिने माझा हात धरला. त्या हातात अजून एवढा जोर कुठून येतो कोण जाणे. "मी तुले इतक्यांदा बोलावलं. आता तू मले एकदा बोलाव नं."

बाबा, तुम्हाला हे माहीत होतं का? रोज संध्याकाळी मशीनवर बसून तुम्हीही ती हाक ऐकतच होतात. मग कपाळाला वही लावून तेवढा वेळ कशासाठी थांबला होतात? मला आता पाप-पुण्याची तेवढी भीती वाटत नाही. भीती याची वाटते की पद लागू पडेल. कधी चुकलंच नाही ते. मी म्हणेन, ती दाराकडे बघेल, आणि मग मला हाक मारणारं या घरात कुणी उरणार नाही.

हे मी तुमच्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे, आणि लिहून झालं की वही पुन्हा मशीनच्या खणात जाईल. बाहेर अंधारून आलं आहे. आई आतून विचारते आहे, दिवा लावला का वं. मी लावते लावते म्हणते आहे. परवापासून मी घरात दिवा लावलेला नाही.