आधी हुंदका, मग कडी

३ तारीख, सोमवार.
वाचनालयाच्या कथास्पर्धेचं पत्रक आलं. विषय: गॉथिक भयकथा. परीक्षक: प्राध्यापक. म्हणजे तोच, ज्याने मला वाचक मंडळाच्या कमिटीवर घेताना मोडता घातला. "घड्याळ दुरुस्त करणं वेगळं, कथेचं तंत्र कळणं वेगळं." सर्वांदेखत! आता पत्रकात लिहिलंय की पहिल्या नंबराला कमिटीवर जागा. झालंच मग. बाकीच्यांनी उगाच कागद खराब करू नयेत.

४ तारीख.
दुकानात दिवसभर चिटपाखरू नाही. या भागातल्या लोकांना वेळेची पर्वाच नाही. तेवढ्यात सिद्धांत पक्का केला. भय घटनेत नसतं, क्रमात असतं. आधी हुंदका ऐकवायचा. कडी कुणी लावली ते सगळ्यात शेवटी सांगायचं. मधल्या काळात वाचकाची स्प्रिंग आवळत न्यायची. प्राध्यापकाला हे सांगायला चार जाड पुस्तकं लागली असती. मला एक जुनं अलार्म घड्याळ पुरलं.

७ तारीख.
कथानक तयार. जुनी हवेली, प्रकांड विद्वान. तळघराच्या बंद दारामागून बाईचा हुंदका. विद्वान शहारतो, ग्रंथ उघडतो, घराण्याचे शाप तपासतो. शेवटी एकदम मागे, सकाळी: विद्वानाने स्वतःच तंद्रीत तळघराला कडी लावलेली, आत त्याची बायको! वाचक हादरणार.
बायकोला ऐकवलं. म्हणाली, "अहो, हे तुम्ही मला अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं तेच ना?"
काडीचाही संबंध नाही. तेव्हा मला उंदीर वाटला होता. भूत नव्हे. आणि मी दुकानात निघून गेलो होतो, ग्रंथ वगैरे काहीही उघडले नव्हते.

१२ तारीख.
पाचही भाग पूर्ण. प्रत्येकाच्या डोक्यावर वेळ, मिनिटासकट. या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. क्रम: चौथा, दुसरा, पाचवा, तिसरा, पहिला. पानांना नंबर मुद्दाम दिलेले नाहीत. ते बाळबोध वाचकांचे चोचले.

१३ तारीख.
टायपिंग बायकोकडे. ती ऑफिसात रेकॉर्ड विभागात आहे. डोकं चालवायचं काम नाही, त्यामुळे टायपिंग बरं करते. म्हणाली, "यात कशानंतर काय झालं तेच कळत नाही." म्हटलं, तेच तर तंत्र. म्हणाली, "बरं बरं. तुम्ही जा दुकानात."

१५ तारीख.
तिने छापून परस्पर वाचनालयात देऊनही टाकलं. मी एकदा नजरेखालून घालणार होतो, पण कमिटीच्या पहिल्या बैठकीतलं भाषण लिहिण्यात अडकलो. भाषण आभारांपासून सुरू होईल.

२२ तारीख.
मेहुणी राहायला आलीय, उद्याच्या निकालासाठी. "भाऊजी, कुठे घाबरायचं ते खुणेने सांगा हं, नाहीतर मी भलतीकडेच घाबरेन." या बाईला मी काही समजावत नाही.

२३ तारीख, रविवार.
वाचनालयाचं सभागृह भरलेलं. निवडक कथा ग्रंथपालबाई मोठ्याने वाचत होत्या. माझी आली. पहिलंच वाक्य: "सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं. विद्वानाने तंद्रीत तळघराला कडी लावली. आत बायको होती."
मी ताडकन उठलो. प्राध्यापक म्हणाला, "बसा हो, रंगतंय."
सगळी कथा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ओळीने! विद्वान शाप शोधतोय, लोक हसतायत. हुंदका येतोय, लोक जास्तच हसतायत. विद्वानाने "हे अतृप्त आत्म्या, तुला काय हवंय?" विचारल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, कडी काढा!" मेहुणी खुर्चीतून घसरली. बायको डोळे पुसत होती. आधी वाटलं, माझ्यासाठी.
तिला जाब विचारला. "मला वाटलं, पानं मागेपुढे झालीत. वेळा होत्याच, लावली नीट. आमच्याकडे अशी फाईल पाठवली तर मेमो मिळतो."

२४ तारीख.
कालचा निकाल: पहिला नंबर कुणालाच नाही. मला 'विनोदासाठी विशेष' ढाल. प्राध्यापक म्हणाला, कथा बेताची आहे, पण मांडणीत तंत्राची जाण दिसते, मांडणी कुणाची? बायकोने बावळटासारखा हात वर केला. कमिटीवरची जागा तिला.
एकंदरीत माझा सिद्धांत सिद्ध झाला. क्रम बदलला, परिणाम बदलला. फक्त हे समजेल असा माणूस त्या सभागृहात नव्हता.

२८ तारीख, संध्याकाळ.
ढाल नजरेसमोर नको म्हणून अडगळीच्या खोलीत ठेवायला आलो. बायको कमिटीच्या बैठकीला निघाली होती. जाता जाता तिने दार उघडं पाहून बाहेरून कडी लावली. वही खिशात होती म्हणून लिहितोय. हाक मारणं मला शोभत नाही, म्हणून दार नुसतं जरा खरवडलं.
मेहुणीचा आवाज आला, "ताई, आत काहीतरी खुडबुडतंय गं."
बायको म्हणाली, "उंदीर असेल. चल, उशीर होतोय."