पायांवर घेतलेली माती

भोंगवली,
रविवार, संध्याकाळ

प्रिय शेफाली,

पत्र बघून हसशील. डोहाळजेवणाच्या दिवशी आपलं वाजलं तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, आणि तुझे दिवस तर भरत आले. म्हणून लिहायला बसले. बातमी अशी की तुझी आई पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी झाली. भोरला दर रविवारी शिल्पकलेचा वर्ग भरतो, अगदी नवशिक्यांसाठी. वेल्ह्याचे इंद्रजित सर शिकवतात, वयानं तुझ्याएवढेच. बाकी सगळी कॉलेजची पोरं, त्यांची मी मावशी.

आज सरांनी प्रत्येकाला शाडूचा गोळा दिला आणि डोकं घडवायला सांगितलं. पोरांनी गोळे पाटावर ठेवले. मी मात्र सवयीनं खाली बसले, पाय पसरले, गोळा नडग्यांवर घेतला आणि तेलाची वाटी शोधायला लागले. वर्ग पोट धरून हसला. मलाही हसू आलं. पण माझ्या सासूबाई, तुझी सखूआजी, अशाच बसायच्या ना. गावातली निम्मी बाळं त्यांच्या पायांवर न्हाली. टाळूला तेल, डोकं दाबून गोल, नाक चिमटीत धरून वर. "देव कच्चंच धाडतो, घडवायचं आपून," म्हणायच्या. त्यांच्याकडूनच मी शिकले, आणि शेफालीचं नाक मी घडवलं असं गावभर सांगत फिरले.

तसंच शाडूचं नाक ओढलं, तर कपाळ खचलं. डोकं गोल करायला गेले, तर गाल बसला. मी रडकुंडीला आले. सर शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "मावशी, दाबू नगा. आदी नुसतं धरा."

मी धरलं, डोळे मिटले. किती वेळ गेला कळलं नाही. बोटं आपोआप फिरत होती. डोळे उघडले तर पायांवर तू होतीस, सव्वा महिन्याची. डाव्या कानामागचा तो खड्डासुद्धा होता, कितीही तेल चोळलं तरी न भरलेला. तो करायचं माझ्या मनातही नव्हतं. अंगावर काटा आला, शेफा. तू येतानाच सगळी घडून आली होतीस, मी काहीच केलं नव्हतं. हसणारी पोरं भोवती वाकून बघत होती. सरांनी माती सुकू नये म्हणून ओलं फडकं आणून दिलं, त्यात ते डोकं मी तुला दुपट्यात गुंडाळायचे तसं गुंडाळलं.

त्या दिवशी तू म्हणालीस, डॉक्टर नको म्हणतात, माझ्या बाळाचं डोकं दाबणार असशील तर मी बाळंतपणाला माहेरी येणार नाही. मी म्हणाले, आमच्या हाताखालची पोरं काय वाकडी निघाली? चुकलं माझं. तू माहेरी ये, नाहीतर मला तिकडे बोलव. तेलाची वाटी घरीच ठेवीन. बाळाला नुसतं धरीन.

तुझीच, अजून शिकणारी,
आई