गुरं बाहेर, डास घरात

२० सप्टें. १९४४, शिरवळजवळ मुक्काम.
डास पकडायचं सरकारी काम. पहाटे गावातल्या हौसाक्कांच्या घरात काचेच्या नळीत एकोणीस धरले, बहुतेक गव्हाणीपाशी. गुरांना चावणारी जात इथली जुनी. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मागोमाग माणसांना चावणारी आली. सौ. सांगलीला. पत्र नाही.

२१ सप्टें.
इथं माणसं-गुरं एकाच छपराखाली, मध्ये नुसती गव्हाण. घाण! हौसाक्कांना गुरं बाहेर बांधायला लावली. "आवं, जनावर जवळ नसलं तर झोप न्हाई लागत." मी भाषण ठोकलं. बिचारीने ऐकलं.

२६ ऑक्टो.
नवलच! डासांच्या तीन माद्या, पंख एका जातीचे, पायांवरचे पट्टे दुसरीचे. भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिल्या. संकरच असणार. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण सांगू कुणाला? बांधावर म्हसवडकडचा मेंढपाळ होता, त्यालाच दाखवल्या. म्हणाला, "दोन कळप एका पाण्यावर आलं की हुतंयच की सायेब." आणि गेला.

२ नोव्हें.
हौसाक्कांची सून तारा हुडहुडी भरून पडली. सहावा महिना. नवरा नामदेव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. हिवतापच. लढाईमुळे त्यावरचं कोयनेल मिळत नाही. होत्या तेवढ्या गोळ्या दिल्या.

४ नोव्हें.
गव्हाण मोकळी. डास सगळे ताराच्या अंथरुणाशी. जनावर होतं तोवर बरेचसे त्यालाच चावत होते. जनावर मी काढलं. शहाणा मी!

५ नोव्हें.
अहवाल लिहायला बसलो. नव्या मिश्र जातीवर खापर फोडलं की झालं. खोटंही म्हणता येणार नाही, कुणास ठाऊक, तीच चावत असेल. गुरं मी बाहेर काढली, ते कलम अजून कोरंच... जेवण केलं नाही. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार.

७ नोव्हें.
गुरं परत आत घ्या म्हणायला गेलो. कोणत्या तोंडाने सांगू? चहा पिऊन परत आलो.

९ नोव्हें.
ताराचा ताप उतरत नाही. पोटातलं हलतंय, म्हणाली. हौसाक्कांनी नामदेवला पत्र सांगितलं, मी लिहिलं. "काळजी करू नगंस. सायेब लय देवमाणूस. त्येंनी सांगितलं तवा गुरं भाईर बांदली, घर कसं लख्ख झालंय." हात थांबला. "लिवलंसा न्हवं?" व्हय आक्का, म्हटलं.

खाली मी माझ्या दोन ओळी घातल्या, गुरं का बाहेर गेली, मग काय झालं. "वाचून दावा," म्हणाल्या. त्यांचं सगळं वाचलं. त्या दोन ओळी वाचल्या नाहीत. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. टपालवाला उद्या येतो.