उत्तरेच्या बाजूचे जिवंत कुंपण

मी, हेस्टर मॉड टेबट, कै. एमस टेबट यांची पत्नी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, राहणार चर्च गल्ली, आल्डस्टोक, परगणा नॉर्थॅम्प्टनशर, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर आणि चष्मा नवा असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी एक मृत्युपत्र मी साखरेच्या पिशवीच्या पाठीवर केले होते. ते पाहून वकील स्प्रिग्ज मिशीतल्या मिशीत हसले. ते रद्द समजावे. पिशवी मात्र टाकू नये, चांगली आहे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील स्प्रिग्ज यांनी करावी. ते म्हणाले, "बाई, दोन पानांत आटपा." प्रयत्न करते.

२. राहते घर माझ्या नणंदेचा मुलगा क्लाइव्ह यास द्यावे. परवा तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक करून म्हणाला, "मामी, ही एवढी पाडली की काय उजेड येईल!" पाड बाबा. माझा जीव घरात अडकलेला नाही. फक्त मी जाईपर्यंत थांब.

३. नणंद एडना हिला माझी निळी चहाची किटली. झाकण सदतीस सालापासून तिच्याकडेच आहे, तेव्हा संच पुरा होईल. चौतीस साली, मी अंथरुणात असताना, ती म्हणाली होती, "वहिनी, झालंच नाही असं समज, म्हणजे सुटशील." मी तसे समजले नाही. एडनाला मी माफ केले आहे, आणि ते तिला आवडणार नाही हेही ठाऊक आहे.

४. एमसचा कोयता, कुऱ्हाड आणि चामड्याचे हातमोजे डोरीन गॉच हिला. ती सकाळी दूध टाकते आणि हिवाळ्यात झाडे आडवी निजवून कुंपणे बांधते. एमसच्या हाताखाली शिकलेली आहे. गावातले पुरुष तिला चिडवतात, "डोरीन, नवऱ्यालाही असाच आडवा करतेस का गं?" ती म्हणते, "तो आधीच आडवा असतो, सोफ्यावर." कोयत्याला धारेचा दगड आठवड्यातून एकदा लावावा, गंजू देऊ नये.

५. शाळेत इंग्रजीत पहिली आल्याबद्दल मिळालेला दोन खंडी शब्दकोश आमचे पाद्री रेव्हरंड लव्हेल यांस. दुसऱ्या खंडात काटेरी डहाळी ठेवली आहे, तेच पान आधी वाचावे.

कारण सांगते. नव्या प्रार्थनापुस्तकात, दर रविवारी चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीतला 'क्विक' हा शब्द गेला. पूर्वी आपण म्हणत असू, प्रभू येईल आणि क्विक व मृत यांचा न्याय करील. आता 'जिवंत व मृत' म्हणायचे. मी जुनेच म्हणते. रेव्हरंड लव्हेल चहाला आले होते.

"टेबटबाई, तुम्ही एकट्याच जुना शब्द म्हणता. तोही मोठ्यानं."

"मग बाकीच्यांनीही म्हणावा."

"अहो, मुलं हसतात. एक चिमुरडी मला विचारते, देव चपळ माणसांचा न्याय करणार, मेलेल्यांचा करणार, मग आमच्या आजोबांसारख्या हळूबाईंचं काय?"

"त्यांना चहा देऊन बसवून ठेवणार, म्हणावं."

ते हसले. माणूस वाईट नाही, तरुण आहे. पण त्यांनाही वाटते की क्विक म्हणजे झटपट. शब्दकोशात तो अर्थ शेवटी आहे. तो भाडेकरू, मागाहून आला आणि सगळे घर बळकावून बसला. मूळ मालक पहिल्या ओळीत आहे: क्विक म्हणजे सजीव, जीव धरलेला. नखाखालचा जो भाग कापला की माणूस कळवळतो, तो क्विक. म्हणून बोलणे तिथवर पोचले की जिव्हारी लागते. पारा ही क्विक चांदी. माणसाला गिळते ती क्विक वाळू. रोवलेल्या मेल्या काठ्यांचे नव्हे, तर मुळे धरून वाढणाऱ्या झाडांचे कुंपण तेही क्विक; आमच्याकडे तर हॉथॉर्नच्या काटेरी रोपांना दुसरे नावच नाही. आणि पोटातले मूल पहिल्यांदा हलले की ती बाई क्विक. जुन्या काळी फाशीची शिक्षा झालेली बाई क्विक निघाली तर न्यायाधीश फाशी थांबवीत. म्हणजे पोटात एक जीव आहे हे कायद्यालाही कळत होते.

६. कपडे गरजूंना. मुरंब्याच्या बरण्या ज्यांच्या त्यांना परत. कोणाच्या कोणत्या, ते तळाला चिकटवले आहे.

७. हे कलम सावकाश वाचावे.

चौतीस सालच्या जानेवारीत एमस चर्चच्या आवारातले उत्तरेकडचे कुंपण बांधत होता. मी त्याला भाकरीतुकडा आणि थंड डुकराचे मांस घेऊन गेले. बुंधा जवळजवळ आरपार कापायचा, सालीचा एक पदर तेवढा ठेवायचा आणि झाड आडवे निजवायचे, असे ते काम. मी म्हटले, "मेलं की रे हे." तो म्हणाला, "पदर शाबूत आहे ना? मग बघ चैतात." तेवढ्यात माझ्या पोटात हलले. पहिल्यांदाच. मी त्याला सांगितले. त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि गार हात कोटाखाली ठेवला. मग म्हणाला, "क्विक आहे गं."

मे महिन्यात, हॉथॉर्न पांढराशुभ्र फुललेला असताना, मुलगा झाला. श्वास घेतला नाही. सुईण गॉचबाई, डोरीनची सासू, रडली. दुसरे कोणी रडले नाही. नोंदीत मृत जन्मलेला असे लिहिले, नावाला रकानाच नव्हता. त्या वेळचे पाद्री म्हणाले, बाप्तिस्मा नाही, म्हणून प्रार्थना नाही, आवारात जागाही नाही. एमसने अ‍ॅशच्या लाकडाची पेटी केली. कबरी खणणाऱ्याने दिवस मावळताना पाठ फिरवली, एवढीच त्याची मेहेरबानी. घरी येऊन एमस माझ्या उशाशी बसला. "कुंपणाच्या मुळाशी ठेवलाय. तिथं कधी कोणी खणत नाही."

मुलाचे नाव रूबेन. ते आज प्रथमच कागदावर येत आहे.

एमसही तिथेच, उत्तरेला आहे. लोक म्हणाले, ती बाजू परक्यांची आणि जीव दिलेल्यांची. म्हणोत.

आता चर्चचे कारभारी मेजर पेल यांचा बेत आहे की ते कुंपण मुळासकट उपटून सहा मोटारींची जागा करावी. सभेत मी उठून नको म्हटले. मेजर म्हणाले, "टेबटबाई, झुडपं आहेत ती! तुमच्या गुडघ्यांसाठीच करतोय, दारापर्यंत गाडी येईल." मला कारण सांगता आले नाही. सत्तेचाळीस वर्षे एमसशिवाय कोणाशी बोलले नाही, ते चहाबिस्किटांच्या सभेत कसे बोलणार? म्हणून इथे लिहिते.

पोस्टातली माझी सर्व बचत चर्चच्या मंडळास द्यावी, ती या अटीवर की उत्तरेकडचे कुंपण जागेवर राहील, त्याच्या मुळाशी कुदळ लागणार नाही आणि येत्या हिवाळ्यात डोरीन ते नव्याने बांधील. एमसने शेवटचे पासष्ट साली बांधले होते. आता खालून विरळ झाले आहे. अट मोडल्यास सगळी रक्कम खालच्या आळीतल्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांना. एमस मूळचा त्यांच्यातला, आणि त्यांच्याकडे चहा तरी गरम असतो.

रूबेनच्या नावे काही ठेवावे असे मनात होते. वकील म्हणाले, मृत व्यक्तीला देता येत नाही. ठीक. त्याला काही नको. त्याची झोप मोडू नये, एवढेच.

८. मला एमसशेजारी पुरावे. साधी पेटी, पितळेच्या कड्या नकोत. प्रार्थना जुन्या पुस्तकातली. शेवटी सर्वांनी कुंपणाकडे तोंड करून श्रद्धेची कबुली म्हणावी, आणि 'क्विक' हा शब्द स्पष्ट म्हणावा. हट्ट नाही हा. मी मृतांत मोजली जाईन, एमस मृतांत आहेच. नोंदीप्रमाणे रूबेन कधी जिवंत नव्हता. पण क्विक होता. एमसचा हात आणि मी, असे दोन साक्षीदार आहेत. दर रविवारी मी तो एक शब्द त्याच्यासाठी म्हणत आले. तो काढला तर न्यायाचे बोलावणे येईल त्या दिवशी माझ्या पोराने कोणत्या रांगेत उभे राहायचे?

९. साक्षीदार म्हणून मेजर पेल यांनाच बोलावले आहे. त्यांनी सातवे कलम आधी वाचावे, मग सही करावी.

ठिकाण: आल्डस्टोक. दिनांक २५ मार्च १९८१, देवदूताने मरियेला वर्तमान सांगितल्याचा सण. कुंपणाला पालवी फुटली आहे.

सही: हेस्टर मॉड टेबट

आम्हा दोघांच्या समोर सही झाली:

१. विनिफ्रेड कोब्ली, पोस्टमास्तरीण
२. मेजर हंफ्री पेल. कलम सात वाचले. मोटारी रस्त्यावर उभ्या राहतील. हं. पे.