परदेशाचं पाणी

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
साडूभाऊ भुपेंद्र परदेश बघून आला. फिरायला नाही, बघायला. हा फरक त्याने पोहे यायच्या आधी एकदा आणि पोहे खाताना तीनदा सांगितला. त्याची बायको चंचल, म्हणजे माझ्या अंजूची धाकटी बहीण, नर्स आहे. तिला तिकडे नोकरीची ऑफर येऊ घातली आहे, म्हणून सगळं कुटुंब आधी शहरं पाहून आलं. मेलबर्न आणि ऑकलंड पाहिलं. पैकी ऑकलंड पसंत केलं. जसं काही ऑकलंडवाले नारळ-टॉवेल घेऊन वाटच बघत होते.

मोबाइल टीव्हीला जोडून फोटो दाखवले. भुपेंद्र समुद्रासमोर. भुपेंद्र पुलासमोर. भुपेंद्र एका मेंढीसमोर. अंजू प्रत्येक फोटोला "माय वं!" म्हणत होती. मी राइस मिल उभी केली, तांदूळ निवडायची नवीन सॉर्टेक्स मशीन आणली, तेव्हा ती एकदाही "माय वं" म्हणाली नव्हती. मेंढीला म्हणाली.

मला हेवा वाटला नाही. हेवा माझ्या स्वभावातच नाही. फक्त परत येताना गाडी थोडी जोरात चालवली.

ठराव: आपणही परदेशात स्थायिक व्हायचं. त्याने दोन शहरं पाहिली. आपण तीन पाहू.

१२ जानेवारी
घरी जाहीर केलं. नीतू (नर्सिंग, शेवटचं वर्ष) उठून उभीच राहिली. "बाबा, सच्ची?" म्हणाली आणि न सांगता माझ्यासाठी चहा करून आणला. चहात साखर बरोबर होती. बाप म्हणून इतकं वजन मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

अंजूने विचारलं, मिल कोण पाहील? म्हटलं, ईश्वरदास मुनीम आहे. तिने विचारलं, आणि ईश्वरदासला कोण पाहील? मुद्दा चांगला आहे. नंतर विचार करू.

१८ जानेवारी. सौंदड
आईला सांगायला गावी गेलो. वाटलं होतं रडेल. रडली नाही. शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "जाशीन तं जा. पन तिथलं पानी पायलं का?"

आमच्या घरची रीत आहे. नवीन गावात बस्तान मांडायच्या आधी घरचा मूठभर तांदूळ त्या गावच्या पाण्यात शिजवून पाहायचा. दाणा नीट उमलला तर राहायचं, नाही तर पुढचं गाव. आजोबा सालेकशाकडून निघाले तेव्हा वाटेत दोन गावांचा भात बिघडला, म्हणून सौंदडला आले. आई म्हणाली, तोच इचार कर आता.

भुपेंद्रकडे असलं काही नाही. त्याने शहर डोळ्यांनी पाहिलं. मी पोटाने पाहणार. मला आत्तापासूनच बरं वाटू लागलं.

मी विचारलं, अंजूला किती तांदूळ देऊ? आई म्हणाली, "तिले कायले? ते कोनत्याई पान्यात शिजवते. मंग पान्याचं काय कळन? घरच्या कर्त्यानं शिजवाचा रायते." म्हणजे मी. मी आजवर भात शिजवला नाही, पण तांदळात जन्म गेला. पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढले की अख्ख्या ट्रकचा माल सांगतो. शिजवणं काय, त्याच्या पुढची पायरी.

९ फेब्रुवारी
आजपासून घरात आणि मिलमध्ये फक्त इंग्रजी. ईश्वरदासला सकाळी "गुड मॉर्निंग, व्हॉट इज द पोझिशन ऑफ ब्रान?" विचारलं. तो म्हणाला, "सेठ, बरं वाटून नाई रायलं काय?" दुपारी कोंड्याचा हिशेब अडला, म्हणून इंग्रजी तात्पुरती स्थगित.

२ मार्च
बाजारात सगळ्यांना कळलं आहे. मीच सांगितलं. भैय्यालाल कापडवाला म्हणाला, अरे वा, तुम भी? हा "भी" मला लागला. आधी भुपेंद्र, मग मी, असा हिशेब लोक धरून बसले आहेत. त्याला म्हटलं, भुपेंद्र जातोय नोकरीच्या मागे, बायकोच्या. मी जातोय स्वतःच्या निर्णयाने. भैय्यालाल म्हणाला, हां हां, वही.

९ मे. सिंगापूर
पोचलो. सगळं इतकं स्वच्छ की थुंकायची इच्छाही होत नाही, आणि मी तर थुंकतही नाही.

कामाला लागलो. घरून इलेक्ट्रिक कुकर आणि चिन्नोरची, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक तांदळाची, पिशवी आणली होती. हॉटेलच्या खोलीत नळाचं पाणी घेतलं, तांदूळ धुतला, बटण दाबलं. अंजू म्हणाली, पाणी कमी वाटून रायलं. तिला हात लावू दिला नाही. रीत म्हणजे रीत.

थोड्या वेळाने छतावरचं एक यंत्र बोंबलू लागलं. मग दरवाजात दोन माणसं. मग खालून तिसरा. नीतूने त्यांना इंग्रजीत बरंच काही सांगितलं. त्यात "माय फादर" पुष्कळ वेळा आलं. सगळे माझ्याकडे आदराने पाहत होते.

भात तळाला काळा, वर कच्चा. निकाल स्पष्ट आहे. पाणी जड. सिंगापूर रद्द.

१३ मे. मेलबर्न, विमानतळ
धक्कादायक. नीतूने फॉर्मवर तांदळाची खूण केली, म्हणून आमची बॅग उघडली. तपासणीच्या बाईंनी चिन्नोरची पिशवी हातमोजे घालून उचलली आणि जप्त केली. म्हणाल्या, नियम आहे. मी सांगितलं, मॅडम, हा चिन्नोर आहे, एकदा वास घेऊन बघा. त्यांनी वास घेतला नाही. पिशवी डब्यात टाकली.

इतकी वर्षं तांदळाचा धंदा केला. माझं सॅम्पल फेल करणारी ही पहिलीच.

जे शहर चिन्नोरचा वास घ्यायला तयार नाही तिथे राहायचं नाही. मेलबर्न रद्द. अजून विमानतळाच्या बाहेर पडलो नव्हतो. अंजू म्हणाली, आलोच आहो तं गाव तं पाहून घेऊ. पाहिलं. चांगलं आहे, पण रद्द.

१७ मे. ऑकलंड
भुपेंद्रचं शहर. खरं तर ही लिस्टमध्ये केवळ औपचारिकता. तरी न्याय म्हणून मन मोकळं ठेवलं आहे. पाऊस पडतोय. त्याच्या एकाही फोटोत पाऊस नव्हता. नोंद करून ठेवली.

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला. चंचलने मेसेजवर सुचवला होता. मला माहीत असतं तर घेतला नसता.

१८ मे. ऑकलंड
नीतू बाहेरून एक हॉस्पिटल पाहून येते म्हणाली आणि थेट आत जाऊन आली. तिथली एक केरळची सिस्टर तिला सगळं दाखवत हिंडली. परत आल्यावर पोरगी जेवताना थांबायलाच तयार नाही. असा कोर्स, तसा वॉर्ड, मावशी पण इथेच असेल. एरवी घरी मोबाइलमध्ये डोकं घालून असते.

अंजू संध्याकाळी समोरच्या टेकडीवर एकटीच चढून आली. गोंदियात ती सिव्हिल लाइन्सपर्यंतही एकटी जात नाही. आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "मले इथं बरं वाटून रायलं, जी. इथंच राहू न."

मी म्हटलं, आधी भात.

१९ मे. ऑकलंड
इंडियन दुकानातून तांदूळ आणला. पॅकेटवर बघतो तर छत्तीसगडचा. गोंदियाचा माल इथवर पोचत नाही आणि शेजाऱ्यांचा पोचतो. पण आता काय करणार.

शिजायला ठेवला. मधेच ईश्वरदासचा फोन आला, म्हणून बाल्कनीत गेलो. काचेतून दिसलं की अंजू शेगडीजवळ जाऊन एक बटण फिरवून आली. पुसायला गेली असेल.

भात झाला. दाणा उमलला होता. मोकळा होता. खरं लिहायचं तर डोळ्यांत भरेल असा होता. नीतू टाळ्या वाजवू लागली. अंजूने नुसत्या लोणच्याशी तीनदा घेतला.

आणि मला समोर भुपेंद्र दिसला. तोंडात पान, कुठल्या तरी लग्नात, चार लोकांत हात हलवून सांगतोय, दादाले ऑकलंड मीच दाखवलं. पुढच्या लग्नात पुन्हा. माझ्या तेराव्यालाही सांगेल.

मी घास घेतला आणि म्हटलं, दाणा उमललाय, पण जरा जास्तच उमललाय. पाणी हलकं आहे. हलक्या पाण्यात माणूस टिकत नाही.

अंजूने लोणच्याची बरणी बंद केली. मग नीतू म्हणाली, "भात मस्त है ना बाबा, फिर प्रॉब्लेम क्या है?" मी म्हटलं, तुला तांदळातलं कळत नाही. ती ताट घेऊन उठली.

२० मे
आईला फोन केला. सांगितलं, तिन्ही ठिकाणचं पाणी बरोबर नाही. तिने विचारलं, अंजूनं खाल्ला काय? म्हटलं, हो. पुन्हा घेतला काय? म्हटलं, दोनदा. आई म्हणाली, "मंग पानी बरोबर हाय, तूच बरोबर नाईस." लाइन खराब होती, मी ठेवून दिला.

७ जून. गोंदिया
परत आलो. सगळे विचारतात, काय ठरलं? सांगतो, अजून शहरं आहेत. जगात पाच-सहा तरी चांगली असतील. टोरोंटोबद्दल चांगलं ऐकलं आहे. तिथे भुपेंद्रचं कोणी नाही.

नीतू बोलत नाही. अंजू बोलते, पण फक्त कामाचं.

१२ जुलै
चंचलची ऑफर पक्की झाली, भुपेंद्र सहकुटुंब ऑकलंडला गेला. स्टेशनवर हार, पेढे, फोटो. सालेकसा, तिरोडा, कुठून कुठून माणसं आली होती. मी पण हार घातला. मुद्दाम सगळ्यात मोठा घेतला होता, म्हणजे फोटोत त्याचं तोंड दिसू नये. तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "दादा, तुमी बी या. तुमच्याबिगर मजा नाई." हे तो मनापासून म्हणाला, आणि त्याचाच मला राग आला. माणसाने निदान थोडं तरी खुन्नसने वागावं.

२४ ऑगस्ट
नीतूची पुढच्या कोर्सला ॲडमिशन झाली. ऑकलंड. अर्ज तिने मे महिन्यातच, तिथे असतानाच भरला होता. अंजूला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. ईश्वरदासलाही माहीत होतं, कारण नंतरच्या कागदांच्या प्रिंट मिलच्या ऑफिसातून काढल्या होत्या.

मी म्हटलं, तिथलं पाणी हलकं आहे. नीतू म्हणाली, "मी उकळून पिईन."

३ ऑक्टोबर. नागपूर विमानतळ
सोडून आलो. अंजूही गेली, नीतूचं बस्तान बसवायला, मुक्काम चंचलकडे. आत जाताना म्हणाली, तुमी बी या न, दिवाळीले. ज्या शहराला मी नापास केलं तिथे पाहुणा म्हणून कसा जाऊ? तोही भुपेंद्रच्या घरी? म्हटलं, धानाचा सीझन आहे.

वळून दोघींनी हात हलवला. नीतूने जरा जास्त वेळ हलवला. येताना गाडी हळू चालवली. घाई नव्हती.

ठराव: रोज वॉकिंग. वेळ भरपूर आहे.

९ नोव्हेंबर
आईला दिवाळीला इथे बोलावलं होतं. म्हणाली, गाय सोडून कशी येऊ. एकट्याने दिवे लावले. गेटवर कमी लावले, रस्त्यावरून कोण बघतंय. भुपेंद्रने चकल्यांचा फोटो पाठवला. चकल्या अंजूच्या, मी ओळखतो. तिच्या चकलीला शेवटी एक बारीक शेपटी असते.

१५ नोव्हेंबर, रविवार. दुपार
डबा देणाऱ्या धनवंताबाई मंडईसाठी गावी गेल्या. या दिवसांत गावोगाव मंडईची जत्रा, रात्रभर नाटक, कोण कोणाचा डबा करतो. काही हरकत नाही. म्हटलं, घरचा कर्ता आहे, तीन शहरं पाहून आलेला आहे.

आईकडचा गंज, म्हणजे जाड पातेलं, काढला. घरचा चिन्नोर, मागच्या सालचा. नळाचं पाणी. ठेवला गॅसवर.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळच्या जेवणाची वेळ. नीतूने ताट दाखवलं. भात. दाणा दाणा वेगळा, वर तूप. मग फोन फिरवला तर समोर भुपेंद्र, तोच भात भरभरून खातोय. घास उचलून मला दाखवला आणि म्हणाला, "दादा, अंजूताईचा भात म्हंजे! पानी हलकं हाय म्हंता, मी तं दोन किलो वाढलो." सगळे हसले. अंजूही हसली. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. त्या ताटातला तो घास माझा होता, असं मला एकदम वाटलं. मेंढीपासून आजवर जे काही वाटलं, त्यात हेच सगळ्यात जास्त वाटलं.

मग अंजूने फोन स्वतःकडे घेतला. मी जेवलो काय विचारलं. म्हटलं, आत्ताच. ती माझ्या मागे बघत होती. म्हणाली, "काई जळून रायलं काय? धूर दिसून रायला." म्हटलं, अगरबत्ती आहे. ती म्हणाली, "गॅस बारीक करा, जी."

फोन ठेवून गेलो. तळाला काळा, वर कच्चा. हुबेहूब सिंगापूर.

नळ गोंदियाचा, तांदूळ घरचा, गंज आईचा. दोष पाण्यातच आहे. नगरपरिषदेने टाकी धुतलेली दिसत नाही. उद्या लेखी तक्रार करणार.

मधला भाग चमच्याने काढून खाल्ला. दही होतं.

ठराव: उद्या अंजूला विचारायचं, बारीक म्हणजे किती.