वीणा खाली ठेवायची नसते

तीर्थरूप अण्णा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतकी मी भाबडी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काल आपल्या मांजरी गावातला सप्ता संपला, आज सकाळी मी पुण्यात घरी परतले, आणि डावा खांदा असा भरून आलाय की केस विंचरायला हात वर जात नाही. ह्यांना कारण सांगितलं, तर म्हणाले, "मलम लाव." तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? ते ऐकायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी वाईट बातमी सांगते. आपला सुरेश आणि काकांचा दत्ता, दोघंही महापालिकेच्या निवडणुकीला उभे आहेत. एकमेकांच्या विरोधात! लहानपणी एका ताटात जेवलेले चुलतभाऊ. गाव शहरात गेलं, ग्रामपंचायत गेली, पण भावकी काही कुठे विलीन झाली नाही बघा.

मला हे सगळं कळलं ते वीणेमुळे. एके दिवशी ह्यांना दुकानात दत्ताचा फोन आला. "दाजी, तुमच्या बुधवार पेठेत चांगली वीणा कुठं मिळंल? पैशाचं बघू नका." ह्यांनी शांतपणे विचारलं, "का हो? गावातल्या वीणेने पक्ष बदलला का?"

खरं तर तसंच झालं होतं. देवळाच्या दारात सुरेशने सप्त्याचा फ्लेक्स लावला, त्यावर देव लहान आणि सुरेश मोठा. दत्ताच्या पोरांनी तो फाडला. मग झटापट, मग पोलीस चौकी, आणि शेवटी दोन सप्ते! एक देवळात, एक नव्या सोसायट्यांच्या मोकळ्या मैदानात. गावाची वीणा तुमच्यापासून आपल्या घरात, म्हणून दत्ताला दुसरी विकत घ्यायची होती. अण्णा, तुमच्या हयातीत कोणी असं बोललं असतं तरी तुम्ही त्याला दारात उभं केलं नसतंत.

लहानपणी मला सप्त्यात कीर्तनापेक्षा वीणेचंच नवल वाटायचं. सात दिवस ती जमिनीला टेकायची नाही. कोणी ना कोणी ती गळ्यात घालून उभं असायचं. एकाचा पहारा संपला की दुसरा यायचा, आणि वीणा देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. थोरला असो, धाकटा असो, त्यातून सुटका नाही.

तुम्ही पहिल्यांदा सरपंच झालात ते वर्ष आठवतं का? रामभाऊंना हरवून झालात. त्यांच्या माणसांनी आपली उसाची पाइपलाइन फोडली होती, आई शिव्या मोजत होती. आणि तुम्ही देवळात पहारे लावायला बसलात ते रामभाऊंच्या पाठोपाठ स्वतःचं नाव घेतलंत! कोणीतरी म्हणालं, "अण्णा, ह्यो कशाला उद्योग?" तुम्ही म्हणालात, "इलेक्शन झाली. आता गावाचं काम हाय."

रामभाऊ आले, पहाऱ्याला उभे राहिले. तुम्ही वीणा घ्यायला गेलात तेव्हा ते जेमतेम मान वाकवून थांबले, आणि तुम्ही सरळ त्यांच्या पायावर डोकं ठेवलंत. आई घरी येऊन केवढी चिडली! निवडून आलेल्या माणसाने पडलेल्याच्या पाया पडायचं? तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "मी रामभाऊच्या पाया नाय पडलो. वीणा धरली होती त्याच्या पाया पडलो. आता त्यो रामभाऊच निघाला त्याला मी काय करू?"

मी तेव्हा कॉलेजात होते, शहाणी झाले होते. विचारलं, "अण्णा, ही भक्ती आहे की राजकारण?" तुम्ही हसलात. "वाकल्यावर कळंल."

मला ते उत्तर आवडलं नव्हतं. खरं सांगू? मला तो डावच वाटला होता. तुम्ही फार धूर्त होतात अण्णा, नाही म्हणू नका! पण पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात, आणि गुलाल माखलेले लोक आपल्या दारावरून वाजत गेले, तेव्हा तुम्ही त्यांना पाणी विचारलंत. आत येऊन म्हणालात, "माझा पहारा झाला." एवढंच. त्या रात्री तुम्ही शांत झोपलात, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा डाव नसावा.

इकडे आमच्याकडे राजकारणाचं नाव काढायची सोय राहिलेली नाही. माझ्या भिशीतल्या दोघी मैत्रिणी मोबाइलवरच्या एका निरोपावरून भांडल्या, आता जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. हे म्हणतात, राजकारण म्हणजे चिखल, लांब राहावं. मीही तेच म्हणू लागले होते. तुम्ही म्हणायचात, उसाला पाणी द्यायचं तर पाय चिखलात जाणारच, घरात येताना धुवायचे. पण धुवायचे कसे, ते कुठे सांगितलंत?

असो. सप्ता बसला आणि मी माहेरी गेले. दोघांच्या घरी गेले, दोघांशी बोलले. सुरेश म्हणाला, "अक्का, तू त्याच्याकडं चहा प्यालीस?" दत्ता म्हणाला, "अक्का, तू आधी त्याच्याकडं गेलीस?" मी दोघांकडेही पुन्हा चहा प्यायले.

दोन्हीकडे कीर्तनकार मोठे, पंगती मोठ्या, कर्णे तर विचारूच नका. पण भर दुपारी वीणा धरायला माणूस कुठे? तुमच्या वेळचे निम्मे वर गेले. तरुण पोरं कंपन्यांत. उरलेले दोन मांडवांत वाटले गेलेले. तिसऱ्या दिवशी मी देवळात गेले तर शंकरनाना एकटे उभे. पुढचा पहारेकरी सुरेशच्या प्रचारफेरीत, फोन कोणी उचलत नाही. नाना आता ऐंशीच्या घरात असतील. पाय लटपटत होते, आणि वीणा खाली ठेवायची नसते.

मी पदर खोचला आणि पुढे झाले. नाना आधी "नको" म्हणाले. आपल्याकडे बाईने कधी वीणा धरली होती? मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घे बाई. अण्णांना मी वर गेल्यावर सांगन." त्यांना उगाच त्रास नको म्हणून मीच कळवते आहे.

मी नानांच्या पाया पडले. मग ते म्हातारे गृहस्थ माझ्या पायाशी वाकले. मी नको नको म्हणत मागे सरले, तर म्हणाले, "तुझ्या न्हाय गं पडत."

सुरुवातीला मी नुसती धुमसत होते. तोंडाने रामकृष्णहरी आणि मनात सुरेशला काय काय सुनवायचं त्याची उजळणी. मग खांदा दुखायला लागला. राग आणि खांदा दोन्ही एकदम सांभाळता येईनात, तेव्हा राग सुटला. मैदानावरच्या कर्ण्यातून दत्ताच्या मांडवातला गजर ऐकू येत होता. तोच गजर, फक्त आमच्या जरासा मागे. आणि माझ्या लक्षात आलं की मघापासून मी कोणाकडे बोट दाखवलेलं नाही. दाखवणार कशी? दोन्ही हात गुंतले होते.

तुमचे पाय तुम्ही असे धूत होतात का, अण्णा?

किती वेळ गेला कोण जाणे. कोणीतरी जाऊन मैदानावर सांगितलं असावं, कारण दत्ता आला. चपला बाहेर काढून, गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून खिशात कोंबत. "अक्का, दे." सुरेशच्या मांडवात, सुरेशच्या नव्या फ्लेक्सखाली! मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. तो माझ्या पाया पडला, मीही वाकले. माझ्यापेक्षा केवढा लहान, मी त्याला कडेवर खेळवलेला. त्याचे डोळे भरले आणि माझेही.

ही बातमी मात्र सुरेशपर्यंत लगेच पोचली. फोन लागला बरं का तेव्हा! तो तणतणत आला. मांडवाच्या दारात थांबला. दत्ता डोळे मिटून उभा, घाम गळतोय. सुरेश पाय धुऊन आत आला, समोर उभा राहिला. दत्ताने वीणा पुढे केली. दोघांचेही हात तिच्यावर, वाकेना कोणीच. एव्हाना मांडवात जमलेल्या बायका गायच्या थांबल्या.

मग सुरेश वाकला. पायापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंतच. दत्ताही तेवढाच. काकू मागून म्हणाल्या, "मोजून वाकत्यात मेले!" पण वाकले अण्णा, दोघंही वाकले.

त्यापुढे काही मोठं घडलं नाही. दोघंही उभे आहेतच, भाषणं चालू आहेत, परवा परत दोघांनी एकमेकांचं सगळं काढलं. पण दत्ताने आपला कर्णा देवळाकडून फिरवून घेतला, आणि काल्याच्या दिवशी मैदानावरची माणसं देवळातच जेवायला आली. मला एवढंही पुष्कळ वाटलं.

एक तक्रार आहे. तुम्ही ह्या दोघांना जिपेत शेजारी बसवून प्रचार शिकवलात, मतदारयाद्या शिकवल्यात. वाकायचं ते बघून शिकतील असं धरून चाललात. नाही शिकले हो! आणि मी सगळं बघत होते, तर मला म्हणायचात, "तू टाळ घे." का अण्णा?

पुढच्या वर्षी पहारे मी लावणार आहे. त्यात बायका असतील. हे तुम्हाला विचारत नाहीये, कळवते आहे. आईला तिकडे वाचून दाखवा, तिला आवडेल.

आणि एक वचन देते. निकालाच्या दिवशी मी गावात असेन. जो जिंकेल त्याला, सख्खा असो की चुलत, अंगावरच्या गुलालासकट हाताला धरून दुसऱ्याच्या दारात नेईन. नाही आला तर एकटी जाईन आणि जेवल्याशिवाय उठणार नाही. आला, तर दारात आधी कोण वाकलं आणि किती वाकलं, ते मी बघणार नाही.

तुम्हीही बघू नका.

तुमची,
मंदा